शंभर माणसांची मोजदाद: फ्रान्सच्या एका खेड्यात प्रगणक म्हणून चार आठवडे

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस आमच्या गावच्या कचेरीच्या दारावर एक साधा कागद लागला. येत्या १६ जानेवारीपासून १५ फेब्रुवारीपर्यंत गावाची जनगणना होणार असून तिच्यासाठी एक प्रगणक हवा आहे, गाडी चालवता येणे आवश्यक आहे, आणि गावाची माहिती असल्यास उत्तम, एवढाच मजकूर त्यावर होता. मी कचेरीत गेले होते ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या आणायला. सचिव बाईंनी पिशव्या देता देता त्या कागदाकडे बोट दाखवले आणि विचारले, "तुम्ही कराल का? अजून कोणी आलेले नाही." माझ्या निवडीचा इतिहास एवढाच आहे.

आम्ही फ्रान्सच्या मध्यभागी, क्रोझ नावाच्या जिल्ह्यात राहतो. नवरा मूळचा इकडचाच, मी संगमेश्वर तालुक्यातली. २०१८ साली लिमोझ शहरातले भाड्याचे घर सोडून आम्ही त्याच्या आजोळच्या गावी राहायला आलो. लोझेर जिल्हा सोडला तर युरोपातल्या फ्रान्समध्ये याहून कमी लोकवस्तीचा जिल्हा नाही. १८५१ साली येथे सुमारे २ लाख ८७ हजार माणसे राहत होती, आज सुमारे १ लाख १५ हजार आहेत. फ्रान्समध्ये जवळजवळ ३५ हजार कम्यून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखे किंवा नगरपालिकेसारखे सर्वांत लहान प्रशासकीय घटक, आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक कम्यूनांत पाचशेपेक्षाही कमी लोक राहतात. तरीही प्रत्येक कम्यूनला स्वतःचा मेअर, स्वतःची परिषद आणि स्वतःची कचेरी असतेच, मग ती कचेरी आमच्यासारखी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा दिवसच का उघडेना.

गावाचे नाव मी लिहिणार नाही. प्रगणकाला सांख्यिकीय गोपनीयतेचे बंधन असते, आणि ज्या गावात जेमतेम शंभर माणसे आहेत तेथे नाव घेतले की प्रत्येक जण ओळखू येतो. म्हणून आकडेही ढोबळ देते, आणि कोणी कागदावर काय लिहिले याबद्दल या लेखात काहीही नाही. दारापर्यंत कसे पोहोचले, किती वेळ थांबले, कोठे चुकले, एवढेच सांगण्याचा मला अधिकार आहे. फ्रान्समध्ये राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींच्या दारात कधी प्रगणक येईल, किंवा ज्यांना हे काम स्वतः करावेसे वाटेल, त्यांना त्याचा उपयोग व्हावा अशी अपेक्षा आहे.

आधी पद्धत सांगते, कारण मलाही ती ठाऊक नव्हती. भारतात २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी सगळ्या देशाची एकदम मोजणी होत आली. येथे २००४ पासून ती पद्धत राहिलेली नाही. दहा हजारांहून कमी लोकवस्तीच्या कम्यूनांचे पाच गट केले आहेत, दरवर्षी एका गटाची पाळी येते आणि त्या गटातले प्रत्येक घर मोजले जाते. मोठ्या शहरांत मात्र दरवर्षी काही निवडक पत्तेच घेतले जातात. आमच्या गटाची मागची पाळी २०१९ साली होती. २०२१ ची फेरी कोविडमुळे रद्द झाल्याने पाचाऐवजी सहा वर्षांनी, म्हणजे २०२५ मध्ये, आमचा क्रमांक लागला. मोजणीची जबाबदारी दोघांत वाटलेली आहे. पद्धत ठरवणे, प्रशिक्षण देणे आणि आकडे जाहीर करणे हे इन्से या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेचे काम, तर माणसे नेमणे आणि घरोघर फिरवणे हे कम्यूनचे.

या मोजणीची गावाला धास्ती का वाटते, हे मला मेअरांनी पहिल्याच भेटीत सांगितले. त्या वेळी लागू असलेल्या नियमानुसार शंभर ते ४९९ लोकवस्तीच्या कम्यूनच्या परिषदेत ११ सदस्य असतात, शंभराच्या खाली गेले की ७. शासनाचे अनुदानही लोकसंख्येवर अवलंबून असते. आमचा जुना आकडा शंभराच्या थोडासाच वर होता, आणि २०१९ नंतर गावातून किती शवपेट्या निघाल्या याचा हिशोब प्रत्येकाच्या बोटांवर होता. मेअर स्वतः गुरे पाळणारे शेतकरी आहेत. ते एवढेच म्हणाले, "कोणाला वाढवू नका आणि कोणाला विसरू नका."

नोव्हेंबरमध्ये परिषदेची बैठक होऊन प्रगणकाचा मोबदला ठरला: भरून आलेल्या प्रत्येक घरपत्रकामागे आणि व्यक्तिपत्रकामागे ठराविक रक्कम, प्रशिक्षणाचे वेगळे पैसे, आणि पेट्रोलसाठी एकरकमी ८० युरो. शासन कम्यूनला या कामासाठी ठोक रक्कम देते, परंतु प्रगणकाला किती द्यायचे ते परिषद ठरवते, त्यामुळे शेजारच्या दोन गावांतले दरही सारखे नसतात. काम स्वीकारण्यापूर्वी हा दर विचारून घ्यावा, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. परिषदेच्या सदस्याला स्वतःच्या कम्यूनमध्ये प्रगणक होता येत नाही, हेही मला तेव्हाच समजले. लहान गावात उत्साही माणसे आधीच परिषदेवर असतात, त्यामुळे प्रगणक मिळणे आणखी कठीण होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी कागदपत्रे दिली: ओळखपत्राची प्रत, सामाजिक सुरक्षेचा क्रमांक, बँक खात्याचा तपशील, वाहन परवाना आणि ओळखपत्रासाठी एक छायाचित्र. त्या छायाचित्राचे आठ युरो माझ्याच खिशातून गेले. गाडीच्या विम्याला कामासाठी होणारा प्रवास चालतो का, हे मी विमा कंपनीला फोन करून विचारले. चालत नव्हता. दोन महिन्यांपुरती वाढ करून घ्यायला वीस मिनिटे फोनवर ताटकळावे लागले, पैसे मात्र लागले नाहीत. हा फोन जानेवारीत नव्हे, डिसेंबरमध्येच करावा. नेमणुकीचा आदेश १८ डिसेंबरला हातात आला.

त्या रात्री बाबांना फोन केला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि १९९१ व २००१ अशा दोन जनगणनांना त्यांनी प्रगणक म्हणून काम केले होते. २००१ च्या फेब्रुवारीत, उन्हे चढायच्या आत, पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन ते वाड्या पालथ्या घालत होते ते मला आठवते. माझे ऐकून ते आधी हसले आणि मग शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "बंद घर दिसलं की नुसतं बंद लिहून पुढे जायचं नाही. कुलूप कोणाचं आहे ते विचारायचं." पुढच्या दोन महिन्यांत मला मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला तोच ठरला.

प्रशिक्षणाची दोन अर्धदिवसीय सत्रे ७ आणि १४ जानेवारीला जवळच्या गावात झाली. आसपासच्या कम्यूनांतले पंधरा-सोळा प्रगणक एका गारठलेल्या सभागृहात कोट न काढता बसले होते. त्यांत निवृत्त टपालवाला होता, शिक्षण संपवून नोकरीच्या शोधात असलेली दोन मुले होती, आणि आपल्या गावात चौथ्यांदा हे काम करणाऱ्या एक आजी होत्या. माझ्या उच्चारांमुळे लोक दार लावून घेतील, ही भीती मी कोणालाच बोलून दाखवली नव्हती. पण मध्यंतरात त्या आजींनी आपण होऊनच सांगितले, "दार उघडल्यावर तीन सेकंद काही बोलायचे नाही. कार्ड दाखवायचे आणि कुत्र्याचे नाव विचारायचे." हा उपाय इन्सेच्या पुस्तिकेत नाही, परंतु तो लागू पडतो.

दोन सत्रांच्या मधल्या आठवड्यात पूर्वपाहणी करायची असते. गावातले प्रत्येक घर प्रत्यक्ष पाहून पत्त्यांची यादी ताडून घ्यायची आणि मोजणी होणार असल्याचे पत्र पेटीत टाकायचे. आमच्या कम्यूनमध्ये मुख्य गावठाणात तीसेक घरे, आणि बाकीची सतरा वाड्यांत विखुरलेली. येथे वाडीलाच लोक गाव म्हणतात. काही वाड्यांत दोनच उंबरे आहेत आणि तेही एकमेकांशी न बोलणारे. अलीकडेपर्यंत या घरांना क्रमांक नव्हते, वाडीचे नाव आणि माणसाचे नाव एवढ्यावर पत्र पोहोचत असे. २०२२ च्या कायद्याने लहान कम्यूनांनाही रस्त्यांना नावे आणि घरांना क्रमांक देणे बंधनकारक झाले. आमच्याकडे क्रमांक अंतरावरून दिले आहेत: ३४० क्रमांकाचे घर म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून ३४० मीटरवरचे घर. १२ नंतर एकदम १८५ आल्यावर माझी मधली घरे राहून गेली की काय म्हणून मी गाडी दोनदा मागे वळवली, तेव्हा हा हिशोब डोक्यात शिरला. निळ्या पाट्या अनेकांनी अजून लावलेल्याच नव्हत्या. त्या खोक्यासकट कोठारात पडून होत्या.

या पाहणीला मला चार दिवस लागले, आणि माझ्या मते खरे काम तेच होते. सुमारे १३० घरांपैकी बारमाही वस्ती निम्म्याहून कमी घरांत. उरलेल्यांपैकी सुटीचे घर कोणते आणि रिकामे कोणते, हे ठरवणे म्हणजे कसोटी होती. व्याख्या सरळ आहे: शनिवार-रविवारी किंवा सुटीत वापरले जाते ते दुय्यम निवासस्थान, आणि कोणीच वापरत नाही, विकायचे आहे, भाड्याने द्यायचे आहे किंवा वारसांच्या वाटणीची वाट पाहत आहे, ते रिकामे. प्रत्यक्षात जानेवारीत दोन्हींची दारे सारखीच बंद असतात, आणि धूर दोन्हींच्या धुराड्यांतून येत नाही. अनुदानाच्या हिशोबात मात्र दोन्हींत मोठा फरक आहे. शासन कम्यूनचे अनुदान ठरवताना प्रत्येक दुय्यम निवासस्थानामागे एक माणूस जास्तीचा धरते, रिकाम्या घरामागे कोणीच धरत नाही. पडद्यामागे फुलदाणी दिसली म्हणून गावाला एक माणूस मिळावा, असे काही हे प्रकरण आहे. अर्थात फुलदाणी हा पुरावा नव्हे. टपालपेटीत जाहिरातींचा गच्च गठ्ठा आहे का, गवत कोणी कापले आहे का, हे पाहायचे, आणि मग शेजाऱ्याला व टपालवाल्याला विचारायचे.

बंद घरे पाहताना मला कोकण आठवले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. चाकरमान्यांची घरे गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, इथली जुलै-ऑगस्टमध्ये. कुलपे पॅरिस, लियाँ आणि क्लेर्माँ-फेराँची आहेत. येथील माणूस बाहेर जातो तोही आजचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात क्रोझचे गवंडी वसंताच्या सुरुवातीला जथ्याने पॅरिसला आणि लियाँला बांधकामांवर जात आणि हिवाळ्यात घरी परतत. मार्तँ नादो हा गवंडी १८३० साली चौदाव्या वर्षी बापाबरोबर पॅरिसला चालत गेला आणि १८४९ मध्ये संसदेवर निवडून आला, तो याच जिल्ह्यातला. जुन्या मोजण्यांच्या घरवार याद्या जिल्हा अभिलेखागाराने जालावर ठेवल्या आहेत. त्यांत १९०६ सालची आमच्या गावाची यादी मी एका रात्री वाचत बसले. ज्या वाडीत मला एकच धुराडे चालू दिसले होते, तिथे यादीत दोन पाने भरली होती, आणि व्यवसायाच्या रकान्यात एकाखाली एक गवंडी, गवंडी, गवंडी. चौकातल्या युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची जितकी नावे आहेत, तितके पन्नाशीच्या आतले पुरुष आज गावात नाहीत. हे सांगायला मोजणीची गरज नाही, रस्त्यावर उभे राहिले तरी कळते.

वारसांच्या गुंत्यातल्या घरांबद्दल एक वाक्य लिहावेसे वाटते. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर वीस नावे असतात तसेच इथे सामाईक वारशाचे आहे. पाच भावंडे, पाच शहरांत, एकाचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही, आणि छप्पर दर हिवाळ्यात एकेक हात खाली बसते आहे. अशा घरांना माझ्या यादीत एकच शब्द होता: रिकामे.

गुरुवार, १६ जानेवारीला मोजणी सुरू झाली. गळ्यात मेअरांची सही असलेले, राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचे कार्ड. हे कार्ड ज्याच्याकडे नाही त्याला दार उघडण्याचे कारण नाही, आणि प्रगणक कधीही पैसे मागत नाही, एवढे दोन मुद्दे मराठी वाचकांनी लक्षात ठेवावेत. पहिले दोन दिवस फिरत्या वाहनांत राहणारे आणि ज्यांना छप्पर नाही अशांसाठी राखीव असतात. आमच्याकडे जंगलाच्या कडेला असलेल्या एकाच कॅरव्हानचा प्रश्न होता, आणि ती शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली. बाबांनी सांगितलेली २८ फेब्रुवारीची रात्र मला आठवत होती. त्या रात्री प्रगणक बस स्थानकात आणि देवळाच्या ओसरीत झोपलेल्यांची नोंद करायला निघत. इथे ओसऱ्या नाहीत, चिखल मात्र होता. गाडीत रबरी बूट ठेवावेत.

नंतरचा क्रम ठरलेला होता. प्रत्येक बारमाही घराला जालावर उत्तरे देण्यासाठी स्वतंत्र संकेतांक असलेले पत्रक द्यायचे, ज्यांना कागद हवा त्यांना एक घरपत्रक आणि माणशी एक व्यक्तिपत्रक द्यायचे, कागद घ्यायला कधी येऊ ते ठरवायचे, आणि सगळे फेरीवहीत टिपायचे. ज्यांच्याकडे संगणक होता त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्या आठवड्यातच उत्तरे दिली. कोणाची आली ते सचिव बाईंना संगणकावर दिसे आणि त्या मला रोज संध्याकाळी कळवत. खरा वेळ लागला तो कागदाच्या घरांना. येथे ऐंशी ओलांडलेली, एकटी राहणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांना कागद भरायला मदत करणे हे प्रगणकाच्या कामातच बसते, पण ते दहा मिनिटांत होत नाही. आधी कॉफी होते, मग गुडघ्याची चौकशी, मग चष्मा शोधणे. एका दुपारी तीन घरे झाली की मी समाधान मानत असे. साडेपाचला अंधार पडतो आणि अंधारात म्हाताऱ्या माणसांचे दार ठोठावू नये, म्हणून त्यांच्यासाठी दुपार आणि नोकरीवाल्यांसाठी संध्याकाळी साडेसहानंतरची वेळ अशी मी वाटणी केली. रविवारी फिरावे लागलेच तर भडक नारिंगी जाकीट घालावे, कारण तो शिकारीचा हंगाम असतो आणि रानडुकरामागे लागलेल्यांना प्रगणक दिसतोच असे नाही.

लोक सर्वांत अधिक अडखळत ते घराच्या क्षेत्रफळावर, आणि घर कोणत्या काळात बांधले या प्रश्नावर. भिंती दोनशे वर्षांच्या, छप्पर नवे, न्हाणीघर परवाचे, मग लिहायचे काय? मूळ बांधकामाचा काळ लिहायचा. जन्म, शिक्षण, नोकरी, कामावर कशाने जाता, वर्षभरापूर्वी कोठे राहत होता, गाड्या किती, घर कशाने तापवता, हे बाकीचे प्रश्न. धर्म आणि जात विचारली जात नाही. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी, "मग रकाने कमी असतील," एवढाच शेरा मारला. २०२५ मध्ये आई-वडिलांच्या जन्मस्थळाचा प्रश्न नव्याने घातला होता आणि त्यावरून देशात बराच वाद झाला. त्याचे उत्तर देणे ऐच्छिक होते, आणि तो ऐच्छिक आहे हे मी प्रत्येक दारात न चुकता सांगितले. माझ्यासारखीने ते सांगितले की समोरचे जरा गोंधळून पाहत, आणि मग आम्ही दोघेही पुढच्या प्रश्नाकडे वळत असू.

माणसाला कोठे मोजायचे, हा प्रश्न कागदावर जितका कोरडा आहे तितका दारात नाही. शिकण्यासाठी लिमोझला खोली घेऊन राहणारा सज्ञान मुलगा लिमोझला मोजला जातो, वसतिगृहात राहणारे अल्पवयीन मूल आई-वडिलांकडे. वृद्धाश्रमात गेलेला नवरा तो आश्रम ज्या कम्यूनमध्ये आहे तेथे मोजला जातो. त्याचे कपडे अजून कपाटात असतील, टोपी खुंटीला असेल, तरीही. अशा नोंदींसाठी स्वतंत्र गणना असते आणि गावाच्या एकूण आकड्यात त्यांतल्या काही धरल्याही जातात, परंतु समोर बसलेल्या बाईंना त्याचा काय उपयोग? नियम एकदा सांगायचा, शांतपणे सांगायचा आणि पेन खाली ठेवून थांबायचे, एवढे मला जमले. प्रशिक्षणात यावर अर्धे पान होते.

चूक माझ्याकडूनही झाली. २३ जानेवारीला एकाच गल्लीतल्या दोन घरांची पत्रके मी उलटसुलट दिली, त्यामुळे एका कुटुंबाची उत्तरे दुसऱ्याच्या घरावर जमा झाली. दोन दिवसांनी सचिव बाईंच्या लक्षात आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दुरुस्ती झाली, पण त्यासाठी त्यांना दोन फोन करावे लागले आणि मला दोन्ही घरी जाऊन क्षमा मागावी लागली. तेव्हापासून दारात उभी असतानाच मी पत्रकावरचा पत्ता मोठ्याने वाचत असे. ऐकणाऱ्याला ते औपचारिक वाटते, त्यातच भलाई आहे.

तीन दारे उघडली नाहीत. दोन ठिकाणी माणसे घरातच नव्हती, आणि चौथ्या खेपेनंतर टाकलेल्या चिठ्ठीला उत्तर आले. तिसऱ्या ठिकाणी मात्र दिवा दिसत होता, दार उघडत नव्हते. उत्तर देणे १९५१ च्या कायद्याने सक्तीचे आहे आणि न देणाऱ्याला ३८ युरो दंड होऊ शकतो, परंतु प्रगणकाने दंडाची भाषा दारात करू नये, असे आम्हाला बजावले होते, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या दिवशी पावाच्या गाडीपाशी त्याच्याशी गाठ पडणारच असते. मेअरांच्या सहीचे स्मरणपत्र गेले, तरीही काही झाले नाही. शेवटी भेट न झालेल्या घरांसाठी असलेले वेगळे पत्रक मी भरले. त्यात शेजाऱ्यांच्या माहितीवरून माणसांची अंदाजे संख्या तेवढी लिहायची असते. ते पत्रक भरताना हार झाल्यासारखे वाटले, आजही वाटते.

१२ फेब्रुवारीला सचिव बाईंनी यादी काढली तेव्हा एका बारमाही घराचे उत्तर अजून यायचे होते. पत्ता आमचाच होता. चार आठवडे दुसऱ्यांच्या उंबऱ्यांवर घालवून मी स्वतःचे पत्रक टपालाच्या ढिगाखाली ठेवून विसरले होते. त्या रात्री नवऱ्याने मला माझेच कार्ड दाखवायला लावले, आणि मगच स्वयंपाकघरात घेतले.

१५ तारखेला मोजणी संपली. पुढचे दोन दिवस कागदांची मोजदाद, फेरीवही आणि पत्रके यांचा ताळा, आणि उरलेली कोरी पत्रके परत करणे यांत गेले. १७ तारखेला खोके बंद करून मेअरांनी आणि मी सह्या केल्या, आणि कार्ड परत दिले. घरी टिपणे काढलेले माझे चिठोरे मी शेकोटीत जाळले, कारण ते ठेवण्याचा मला अधिकार नाही. माझ्या गाडीचे मीटर या कामापुरते ६०० किलोमीटरच्या आसपास पुढे गेले होते. मार्चच्या पगारपत्रकात सगळे मिळून साडेचारशे युरोंहून थोडे अधिक हातात आले. तासांनी भागून मी तो हिशोब एकदा केला आणि पुन्हा करायचा नाही असे ठरवले.

निकालाबद्दल सगळ्यांचा एक गैरसमज असतो, तो माझाही होता. आम्ही जानेवारीत मोजलेला आकडा गावाची लोकसंख्या म्हणून तसाच छापला जात नाही. सगळ्या कम्यूनांची तुलना होऊ शकावी म्हणून इन्से तो पाच वर्षांच्या चक्रातल्या मधल्या वर्षावर आणते, त्यामुळे डिसेंबर २०२५ च्या अखेरचा आकडा २०२३ या वर्षाचा आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू होणारा होता. गावाला हे समजावणे मोजणीपेक्षा अवघड होते. त्या वर्षभर बुधवारी चौकात पावाची गाडी आली की रांगेतले कोणी तरी मला हमखास विचारत असे, "मग, किती झालो आपण? शंभर तरी आहोत ना?" मी त्यांना मेअरांकडे पाठवत असे. मेअर त्यांना डिसेंबरची वाट पाहायला सांगत.